बाई माझ्या शेजारी बसल्या

आमच्या अंगणवाडीच्या बाई कुणाला "जेवलीस का?" असं कधीच विचारत नसत. त्या विचारत, "काय जेवलीस?"

तुम्ही म्हणाल, यात फरक तो काय? मलाही बरीच वर्षं ती त्यांची बोलायची लकब वाटायची. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "जेवली का म्हनलं की 'व्हय' म्हनायला जीभ लगेच उचलती. काय जेवली म्हनलं की मानसाला आठवावं लागतं. ज्याला आठवंना, त्यो जेवलेला नसतो."

हा प्रश्न त्या लेकरांना विचारत, लेकरांच्या आयांना विचारत, डेअरीवर दूध घालून परतणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी तोच विचारला. साहेब खुर्चीत बसून रजिस्टर चाळत होते. आधी गोंधळले, मग खरंच आठवायला लागले, आणि शेवटी कबूल केलं की सकाळपासून नुसत्या चहावर आहेत. बाईंनी त्यांच्या हातातलं रजिस्टर काढून घेतलं आणि स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी त्यांच्यापुढं ठेवली. त्या तपासणीत पुढं काय निघालं ते मला ठाऊक नाही, पण साहेब जाताना "येतो बाई" म्हणून गेले.

तिसगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी अंगणवाडीची एक खोली होती, पुढं पत्र्याचं शेड. बाई तिथं माझ्या जन्माच्या आधीपासून होत्या. मीही त्यांच्याच हाताखाली अ-आ-इ-ई शिकले. त्या जाड होत्या की बारीक, हे मी सांगणार नाही. माणसाची ओळख तिथून करून द्यायची सवय मी मोडली आहे. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली असे, आवाज शेडच्या पत्र्यावर आपटून परत येई, आणि अंबाड्यात कायम एक निळं पेन खोचलेलं असे.

आमच्या पाथर्डी तालुक्यातून दसरा झाला की कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. जाण्याआधी त्या घरातलं प्रत्येक लेकरू बाईंच्या वजनकाट्याच्या झोळीत बसून जाई, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत आलं की पुन्हा बसे. आकडा होता तिथंच राहिलेला किंवा खाली आलेला दिसला, की बाई कुणाला काही बोलत नसत. अंबाड्यातलं पेन काढत, परत खोचत, परत काढत. मग लिहीत.

पुढं हे सगळं मोबाईलवर भरायचा हुकूम आला आणि बाई पहिल्यांदाच हरल्या. "ह्यो मोबाईल माझं बोटच वळखत न्हाई," असं म्हणत त्या आमच्या दारात आल्या. मी तेव्हा पाथर्डीला अकरावी सायन्सला होते, रोज एसटीनं जायचे-यायचे. आई म्हणाली, "जा गं, बाईंचं तेवढं भरून दे जा."

मी आनंदानं गेले. आईला वाटलं, पोरगी गुणाची आहे. खरं कारण वेगळं होतं. अंगणवाडीत गरोदर बायकांसाठी उभं राहायचा वजनकाटा होता, आणि आमच्या घरात नव्हता.

इथं मला जरा माझ्याबद्दल सांगावं लागेल, नाहीतर बाई तुम्हाला कळणार नाहीत.

त्या वर्षी मी हळूहळू जेवण सोडत चालले होते. लोक अजूनही विचारतात, कशानं सुरू झालं? कुणी काही बोललं का? बोलले होते. चुलत बहिणीच्या लग्नातला एक फोटो होता, त्यावरून कॉलेजातल्या मुली हसल्या होत्या. डॉक्टर व्हायचं आहे असं मी घरात सांगून बसले होते आणि पहिल्याच चाचणीत आपटले होते. आणि माझा स्वभाव होता. वहीत एक खाडाखोड झाली तरी अख्खं पान फाडून पुन्हा लिहिणारा. यातलं नेमकं कुठलं, ते मला आजही सांगता येत नाही. सगळं हातातून निसटतंय असं वाटत होतं, आणि ताटातलं तेवढं माझ्या हातात आहे असं वाटत होतं. थोड्याच दिवसांत तेही माझ्या हातात राहिलं नाही. दिवसभर डोक्यात दुसरा विषय नसे. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसत, अर्थ लागत नसे. वैशाखात मला स्वेटर लागे. पाळी थांबली होती. आणि आरशात मला जे दिसे, ते खोटं होतं हे मला कुणी पटवू शकलं नसतं.

घरात कळलं नाही, कारण मी उपवास धरले होते. आधी गुरुवार, मग शनिवार, मग आणखी. आमच्याकडं उपवास करणाऱ्या मुलीला कुणी अडवत नाही, उलट कौतुक होतं. आत्या म्हणायची, "काय देवभोळी पोरगी आहे वहिनी तुमची!" आई मात्र मनातून घाबरली होती. तिनं मला थायरॉईडसाठी नेलं, रक्त तपासून आणलं, दृष्ट काढली. अण्णा, म्हणजे माझे वडील, कांद्याच्या वावरातून थकून येत आणि म्हणत, "नाटकं हायेत. चार दिवस खुरपायला न्या, आपोआप खाईल."

ओळखलं ते बाईंनी. एका दुपारी मी मोबाईलवर नावं भरत होते आणि बाईंनी सवयीनं विचारलं, "काय जेवलीस?"

मी तयारच होते. "भाकरी आणि मेथीची भाजी."

बाईंनी अंबाड्यातलं पेन काढलं, खोचलं. नंतर कळलं ते असं, की आदल्या दिवशीच त्या आणि आई मिळून आठवडे बाजार फिरून आल्या होत्या. त्या उन्हात अख्ख्या बाजारात मेथीची एक जुडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी उभं राहायचा काटा लोखंडी कपाटात गेला आणि कपाटाला कुलूप लागलं. मी इकडं तिकडं शोधताना बाईंनी मला पाहिलं. म्हणाल्या, "काय हारपलंय?"

"काही नाही."

"काटा शोधतीस ना? रोज चढतीस त्याच्यावर. मला दिसत न्हाई व्हय?"

आणि मग बाई चिडल्या. असं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शेडमध्ये पोरं ताटल्या घेऊन बसली होती, त्यांच्यासमोर त्या मला म्हणाल्या, "हिकडं बघ. ह्या लेकरांना सहा महिने पालावर धड खायाला मिळत न्हाई. आन तुझ्या घरात भरलेलं ताट हाय, आन तू त्याला लाथ मारतीस? लाज वाटू दे जरा."

मी मोबाईल खाली ठेवला आणि घरी आले. लाज तर मला कधीपासून वाटत होती. खाल्लं तरी वाटे, नाही खाल्लं तरी वाटे. बाईंनी त्यात आणखी भर घातली, आणि त्या दिवसापासून जो काही घास दोन घास पोटात जात होता तोही जाईनासा झाला. मी अंगणवाडीत पाऊल टाकलं नाही. बाई आमच्या दारावरून जात तेव्हा मी आतल्या खोलीत जाई.

सुमारे महिन्यानं, सकाळी, मी एसटी स्टँडवर पाथर्डीच्या गाडीची वाट पाहत उभी होते. बाई तिथंच जीपच्या रांगेत होत्या. त्यांची तालुक्याला मीटिंग होती. आम्ही एकमेकींकडं न बघण्याचा प्रयत्न करत होतो. गाडी आली, लोक पळाले, मीही एक पाऊल उचललं. त्यापुढचं मला आठवत नाही.

पुढचं बाईंनी सांगितलं, तेही फार उशिरा. "तू पडलीस, मी पळत आले. उचलायला हाक मारनार हुते कुनाला तरी. पन हात घातला, आन कुनाची मदत लागलीच न्हाई. तवा मी भ्याले."

त्यांनी मीटिंग सोडली. मला जीपमध्ये आडवं करून पाथर्डीला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, पुन्हा पाहिली, आणि म्हणाले, "हिला आजच्या आज नगरला न्या." आई-अण्णा येईपर्यंत बाई माझे पाय चोळत बसल्या होत्या. पायातल्या चपला स्टँडवरच राहिल्या होत्या, माझ्याही आणि त्यांच्याही.

नगरच्या दवाखान्यात मी दोन-अडीच आठवडे होते. पहिले काही दिवस अगदी थोडं थोडं अन्न, रोज रक्त तपासणी, छातीला चिकटवलेल्या तारा. अण्णांना कळेना, ते म्हणत, एवढी अशक्त आहे तर भरपूर खायला का घालत नाहीत? त्यांना बाईंनीच समजावलं. "लई दिवस उपाशी ऱ्हायलेल्या लेकराला एकदम पोटभर द्यायचं नसतं, अण्णा. काळजावर येतं. आमाला शिकवलंय ते. दवाखान्यात, डॉक्टरच्या नजरंखाली, हळूहळू वाढवायचं असतं."

मग मनाच्या डॉक्टर आल्या. मध्यम वयाच्या, हळू बोलणाऱ्या. आधी माझ्याशी एकटीशी बोलल्या, मग सगळ्यांना आत बोलावलं. बाई बाहेर थांबत होत्या, पण मीच म्हणाले, बाईंनाही येऊ द्या. असं का म्हणाले, ते माझं मलाही माहीत नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "हा हट्ट नाही, फॅशन नाही, आणि तुमच्या लाडामुळंही झालेलं नाही. हा आजार आहे. यात जीव जाऊ शकतो. आणि यातून माणसं बरी होतात, हेही तितकंच खरं आहे. वेळ मात्र लागतो. सध्या जेवण हेच हिचं मोठं औषध. ठरलेल्या वेळी, ठरलेलं, आणि शेजारी कुणीतरी बसलेलं. भांडायचं झालं तर आजाराशी भांडा, हिच्याशी नाही."

अण्णा जरा पुढं सरकले. मग म्हणाले, "म्हंजी ही मुद्दाम करत न्हाई?"

"नाही."

अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. एवढंच. पण त्या दिवसानंतर 'नाटकं' हा शब्द आमच्या घरात ऐकू आला नाही.

बाईंनी अंबाड्यातलं पेन काढून वही उघडली होती. "डॉक्टर, आजाराचं नाव काय म्हनला?"

"ॲनोरेक्सिया."

"आना... काय रिक्षा?"

आई हसली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. डॉक्टरही हसल्या, आणि बाई अजिबात न हसता लिहीत राहिल्या. त्या दिवसापासून आमच्यापुरतं त्या आजाराचं नाव रिक्षा पडलं. आणि तुम्हाला खरं सांगते, त्या नावानं मोठं काम केलं. मी ताट बाजूला सारून म्हणायचे, "मला नको, मला जड होतं," तेव्हा बाई म्हणत, "ही तू न्हाई बोलत, रिक्षा बोलती. तिला म्हनावं थांब जरा भाईर, आमी जेवतोय." मी आणि माझा आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डॉक्टर मला महिनोन्महिने समजावत होत्या. बाईंना ते चुकीच्या उच्चारामुळं एका दिवसात साधलं.

त्याच संध्याकाळी वॉर्डात बाई माझ्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसल्या. आई चहा आणायला खाली गेली होती.

"त्या दिवशी मी तुला लेकरांच्या म्होरं बोलले," त्या म्हणाल्या. "ते चुकलं माझं."

"असू द्या बाई."

"असू द्या न्हाई. चुकलं. मी इतकी वर्सं लेकरं वजन करती, आन मला वाटायचं भूक मला कळती. जिथं अन्न न्हाई ती भूक मला कळत हुती. अन्न हाय आन घशाखाली जात न्हाई, ही मी कधी बघितलीच न्हवती."

मी सतरा वर्षांची होते. तोवर कुणा मोठ्या माणसानं मला 'माझं चुकलं' असं म्हटलेलं नव्हतं. मी रडले. बाईंनी डोळे पुसले नाहीत, पाठीवरून हात फिरवला नाही, फक्त बसून राहिल्या. आई चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघी तशाच होतो.

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. दिवसातून तीन जेवणं, मधे तीन वेळा काहीतरी. माझ्यासाठी ती रोजची सहा भांडणं होती. आई समोर बसे आणि माझ्या प्रत्येक घासाबरोबर तिचा घसा हले. अण्णा, ज्यांनी जन्मात न्याहारी बसून खाल्ली नव्हती, ते वावरात जायच्या आधी माझ्याशेजारी पाटावर बसून धपाटं खाऊ लागले, मुकाट्यानं, कांद्याच्या वाफ्यांकडं बघावं तसं समोर बघत. सगळे मायेनं करत होते. पण सगळ्यांचे डोळे माझ्या ताटात असत, आणि त्या डोळ्यांनी घास आणखी मोठा होई.

कॉलेज तर डॉक्टरांनी वर्षभर थांबवलंच होतं. बाईंनी तोड काढली. आईला म्हणाल्या, "आकरा वाजताचं खानं माझ्याकडं. पन डबा घरनं देयाचा. सरकारचा घास लेकरांचा हाय, त्यातला मी देनार न्हाई."

म्हणून मी रोज अकराला डबा घेऊन अंगणवाडीत जाऊ लागले. बाईंनी मला शेडमध्ये पोरांच्या पंगतीत बसवलं, आणि स्वतः त्यांचा डबा उघडून माझ्या शेजारी बसल्या. तिथं मला पहिल्यांदा मोकळं वाटलं. चार वर्षांच्या पोरांना तुमच्या डब्यात किती आहे, तुम्ही किती खाल्लं, याच्याशी काही देणंघेणं नसतं. कुणाचं नाक वाहतंय, कुणी कुणाला ढकललंय, कुणाच्या खिचडीत मुंगी निघालीय. बाई माझ्याशी बोलत त्या सगळं इकडचं तिकडचं. कुणाच्या शेळीला दोन करडं झाली, कोणत्या विहिरीला पाणी उतरलं. माझ्या डब्याकडं त्या बघत नसत. निदान मला तसं वाटे. अर्धा तास झाला तरी डबा तसाच असेल, तर त्या उठत नसत. स्वतःचं जेवण कधीच संपलेलं असे, हात वाळून गेलेला असे, तरी बसून राहत.

"बाई, तुम्ही जा ना, तुमची कामं खोळंबली."

"मला कुटं गाडी धरायचीय?"

काही दिवस फार वाईट गेले. एकदा मी डबा शेडच्या खांबावर फेकला. भाजी बाईंच्या साडीवर उडाली. पोरं भेदरली. बाईंनी पदर झटकला, पोरांना म्हणाल्या, "ताईच्या हातातनं सटाकला," आणि आपल्या डब्यातली उरलेली चतकोर भाकरी माझ्यापुढं ठेवली. ती मी रडत रडत खाल्ली. चव आठवत नाही, पण खाल्ली.

आणि एक दिवस फार चांगला गेला. सोनी नावाची एक मुलगी माझ्या डाव्या हाताला बसे. तिच्या आईनं तिला गुळाचा खडा दिला होता. तिनं तो दातांनी फोडला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला आणि काही न विचारता उरलेला माझ्या तोंडात कोंबला. भीती वाटायच्या आत मी तो गिळला होता. मग भीती आली, पण आता तिला उशीर झाला होता. मी बाईंकडं पाहिलं. बाई शेजारच्या पोराचं नाक पुसण्यात इतक्या गुंतल्या होत्या, की त्यांनी पाहिलंच नसावं. त्या दिवशी दुपारभर मात्र पोरांना त्या फार मोठ्यानं गाणी म्हणायला लावत होत्या.

दर पंधरा दिवसांनी नगरला जावं लागे. आईच्या गुडघ्यांना एसटी सोसेना, अण्णांना वावर सुटेना, तेव्हा रजा टाकून बाई येत. डॉक्टर माझं वजन घेत ते मला काट्याकडं पाठ करून उभं करून. आकडा मला सांगत नसत. बाईही मान वळवून भिंतीवरचा तक्ता वाचत. म्हणत, "मला कळलं तर माझ्या तोंडावर दिसंल."

असंच एकदा परतताना करंजी घाटात गाडी बंद पडली. सगळे उतरून दगडांवर बसले. तिथं बाईंनी मला त्यांच्या धाकट्या बहिणीचं सांगितलं. बाईंचं माहेर खर्ड्याकडचं, आईवडील ऊसतोडीला जाणारे. बहीण दीड वर्षांची असताना उसाच्या फडावरच दगावली. "ताप आला, आन अंगात काईच न्हवतं. आईला दूध न्हवतं. मी सात वर्सांची. तिला खेळवायचं काम माझ्याकडं हुतं." मग म्हणाल्या, "तुझ्यावर राग काढला त्यो त्या जुन्या गोष्टीचा हुता. मला आत्ता आत्ता कळलं."

मी पिशवीतून माझा चारचा डबा काढला, लाडू होते, एक त्यांना दिला आणि एक मी घेतला. कुणी सांगायच्या आधी मी डबा काढला, असं ते पहिल्यांदाच घडत होतं. बाईंनी लाडू खाल्ला आणि म्हणाल्या, "तुझ्या आईनं तूप लई घातलंय." मग जीभ चावली. माझ्यासमोर तुपाचा विषय काढायचा नाही, हे त्यांच्या वहीत लिहिलेलं होतं. मला हसू आलं. आम्ही दोघी घाटात दगडावर बसून हसत होतो, आणि ड्रायव्हर आमच्याकडं चिडून बघत होता.

तुम्हाला वाटेल, इथून सगळं सरळ झालं. तसं होत नाही. वर्षभरानं, मी बऱ्यापैकी सावरलेली असताना, आत्या आली आणि दारातूनच कौतुकानं म्हणाली, "आता कशी छान भरलीस गं!" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण माझ्या कानात ते शब्द वितळलेल्या शिशासारखे गेले. त्या दुपारी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बाई घरी आल्या. मी त्यांना सरळ सांगितलं, "बाई, मला बरं व्हायचंच नाही. दमले मी."

मला वाटलं, रागावतील. त्या भिंतीला टेकून बसल्या. "बरं. नको हू. आज दुपारचं तेवढं जेव, आन मग नको बरी हू."

आईनं दोन ताटं आणली. आम्ही जेवलो. संध्याकाळी त्या परत आल्या आणि परत तेच म्हणाल्या. आठ-दहा दिवस त्या दोन्ही वेळा येत होत्या. नगरच्या डॉक्टरांना फोनही त्यांनीच लावला आणि ठरल्या तारखेच्या आधी मला घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाल्या, असं पुन्हा घसरणं हे बरं होण्याच्या वाटेवर असतंच, आपण लवकर आलात हे चांगलं केलंत.

मग बाईंनी आणखी एक उद्योग केला. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरी त्या गेल्या आणि बजावून आल्या, "तिच्या अंगावर काई बोलायचं न्हाई. चांगलं न्हाई, वाईट न्हाई. वाळली न्हाई, भरली न्हाई. बोलायचंच असंल तर पावसाचं बोला." परिणाम असा झाला, की ते अख्खं वर्ष मी घराबाहेर पडले की जो भेटेल तो मला पावसाबद्दल विचारी. ऐन थंडीत किराणा दुकानदार विचारायचा, "काय म्हनतोय पाऊस?" आत्या फोनवर विचारायची. देवळातले गुरव विचारायचे. आमच्याकडं मुळात पाऊस कमी, त्यात मी त्याची जाणकार ठरले.

बारावी मी एक वर्ष उशिरा दिली. डॉक्टर झाले नाही. ते स्वप्न माझं नव्हतंच, हे नगरच्या डॉक्टरांबरोबरच्या बैठकांत हळूहळू कळलं. आज मी एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. मुलांनी खाडाखोड केली तर मला राग येत नाही. पूर्ण बरी झाले का, असं विचाराल तर सांगेन, हो. फार ताण आला, आजारपण आलं, की तो जुना आवाज लांबून अजून ऐकू येतो. तो आला की काय करायचं, कुणाला फोन करायचा, ते मला ठाऊक आहे. बहुतेक दिवस मी जेवते आणि विसरून जाते. जेवून विसरता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्याला कधी जेवणाची भीती वाटली नाही त्याला कसं सांगू?

नोकरी लागली तेव्हा मी बाईंना साडी घेऊन गेले. काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. पहिल्याच वाक्याला त्यांनी हात वर केला.

"मी काय केलं? डॉक्टरनी केलं. तुझ्या आईनं केलं, बापानं केलं. तू केलंस. मी निस्ती बसले."

"बाई, दोन वर्षं बसलात."

"मग? आंगनवाडीत बसायचंच काम आसतं." साडीचा रंग मात्र त्यांनी खिडकीपाशी नेऊन दोनदा पाहिला.

त्यानंतर काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या आणि मुलीकडं जामखेडला राहायला निघाल्या. मी शाळेतून अर्धा दिवस सुटी काढून त्यांना सोडायला स्टँडवर गेले. दोन पिशव्या, एक पत्र्याची पेटी. फार बोलणं झालं नाही. गाडी लागली, मी पेटी वर चढवली, त्यांना खिडकीशी जागा मिळवून दिली आणि खाली उतरून खिडकीखाली उभी राहिले. म्हटलं, गाडी हलेल तेव्हा नीट हात करू.

दोन वर्षांनी, एका पहाटे झोपेतच बाई गेल्या. मुलीचा फोन आला, तो माझा तास चालू असताना. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. त्यांचं ते शेवटचं रूप मी पाहिलं नाही, आणि त्याचं मला आता वाईट वाटत नाही. मला दिसतात त्या एसटीच्या खिडकीतल्या बाई.

त्या दिवशी त्यांच्या शेजारच्या सीटवर एक तरुण आई तान्ह्या लेकराला घेऊन येऊन बसली होती, हातात आणखी तीन पिशव्या सांभाळत. क्षणभरात ते लेकरू बाईंच्या मांडीवर होतं. त्यानं बाईंचा चष्मा ओढला, बाई खो खो हसल्या, चष्मा सोडवायला गेल्या तर त्यानं नाक धरलं. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली. मी हात वर केला, "बाई!" म्हणून हाकही मारली. बाईंचं लक्ष नव्हतं. त्या त्या लेकराशी बोलत होत्या. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी हात हलवत उभी होते.